शिल्लक मालाची किंमत आणि संगणकाचा अहवाल



मालसाठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून निघणारा मूल्यांकन अहवाल म्हणजे अमुक तारखेला दुकानात आणि गोदामात कोणता माल किती शिल्लक आहे, त्याचा दर काय धरला आहे आणि त्यावरून एकूण किंमत किती होते हे सांगणारा तक्ता होय. घाऊक व्यापाऱ्याच्या ताळेबंदात शिल्लक माल ही बहुधा येण्याच्या बरोबरीची मोठी मत्ता असते, आणि तिचा आधार म्हणून पुढे केला जाणारा कागद अनेकदा हा एवढाच असतो. तरीही मार्चअखेरीस हा अहवाल छापला जातो पण वाचला जात नाही. तळाची बेरीज नफातोटा पत्रकात उतरली की काम उरकले असे मानण्याची सवय व्यवसायात रुजली आहे. दर कोणत्या पद्धतीने काढायचा, त्यात कोणता खर्च धरायचा आणि कोणती नोंद कोणत्या तारखेला घ्यायची, हे कोणीतरी कधीतरी ठरवून ठेवलेले असते आणि संगणक ते निमूटपणे राबवतो. त्या बेरजेची जबाबदारी म्हणूनच सॉफ्टवेअरवर टाकता येत नाही. ती ठरवणाऱ्याची आणि सही करणाऱ्याची राहते.

मुंबईच्या लोहार चाळीत विजेच्या सामानाचा घाऊक व्यापार चालतो; तेथील एखाद्या पेढीचे कल्पित उदाहरण या विषयाला सोयीचे आहे. घरगुती वायरिंगची तार ९० मीटरच्या कॉइलमध्ये येते आणि तांब्याचा भाव जागतिक बाजाराबरोबर हलत असल्यामुळे एकाच वर्षात एकाच मालाची खरेदी निरनिराळ्या दरांनी होते. आरंभी १,२०० रुपये दराच्या १०० कॉइल होत्या, नंतर १,३५० रुपये दराने २०० घेतल्या आणि त्यानंतर २२० विकल्या असे धरले, तर ८० कॉइल उरतात, आणि या संख्येबद्दल कोणाचा वाद असण्याचे कारण नाही. मात्र आधी आलेला माल आधी गेला असे मानणारी पद्धत, जिला व्यवहारात फिफो म्हणतात, वापरली तर उरलेल्या मालाची किंमत १,०८,००० रुपये होते. एकूण किमतीला एकूण नगांनी भागून येणाऱ्या भारित सरासरीने, म्हणजे १,३०० रुपये दराने, ती १,०४,००० होते. आणि शेवटी आलेला माल आधी गेला असे मानणाऱ्या लिफो पद्धतीने ती ९६,००० वर येते. अखेरच्या मालाची किंमत जेवढी वाढते तेवढाच नफा वाढतो, त्यामुळे एकाही कॉइलची हालचाल न होता केवळ एका पर्यायाच्या निवडीने नफ्यात १२,००० रुपयांचा फरक पडतो.

टॅलीसारख्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूसाठी मूल्यांकनाची पद्धत निवडण्याची सोय आहे. त्या यादीत भारित सरासरी आणि फिफोबरोबर लिफोही आहे, शेवटच्या खरेदीचा दरही आहे आणि चक्क शून्य किंमतही आहे. पर्याय यादीत दिसतो म्हणून तो हिशेबाला चालतो असा समज करून घेणे घातक आहे, कारण १९९९ मध्ये सुधारलेले लेखामानक २ लिफोला जागा देत नाही आणि जो माल नगानगाने वेगळा ओळखता येत नाही त्यासाठी फिफो किंवा भारित सरासरी यांपैकीच एक निवडायला सांगते. शिवाय निवडलेली पद्धत दरवर्षी तीच ठेवावी लागते. येथे एक गोष्ट जाता जाता नोंदवण्यासारखी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातील जुना माल वापरून त्याजागी नवा भरावा असे सांगितले आहे, पण ती शिस्त मालाच्या प्रत्यक्ष फिरतीची आहे; फिफो हे किमतीबद्दलचे गृहीतक आहे. गोदामातील हमाल पुढची थप्पी आधी उचलतो म्हणून भारित सरासरी चुकीची ठरत नाही.

दरात काय धरायचे हा प्रश्न पद्धतीपेक्षा अधिक दुर्लक्षित आहे. खरेदी किमतीत गाडीभाडे आणि हमाली मिळवावी लागते, व्यापारी सूट वजा करावी लागते, आणि ज्या वस्तू व सेवा कराची वजावट मिळते तो मालाच्या किमतीत धरायचा नसतो. (प्राप्तिकराच्या हिशेबात १९६१ च्या कायद्याच्या कलम १४५अ ने हीच आकडेमोड करासह करायला लावली, हा भाग निराळा.) बहुतेक पेढ्यांत भाडे थेट खर्चखाती पडते आणि कंपनीकडून वर्षअखेरच्या योजनेची क्रेडिट नोट मे महिन्यात येते, त्यामुळे अहवालातील दर बिलावरचा कच्चा दर असतो; त्यात न भाडे असते, न सूट.

याहून मोठी मर्यादा अशी की सॉफ्टवेअरला बाजार ठाऊक नसतो. लेखामानकाचा मूळ नियम असा आहे की मालाची किंमत खरेदीखर्च आणि निव्वळ प्राप्य मूल्य, म्हणजे विक्रीतून अपेक्षित रकमेतून विक्रीपर्यंतचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती धरावी. तांबे उतरून वरील तार १,२८० रुपयांना विकली जाणार असेल आणि विक्रीला ३० रुपये खर्च येणार असेल, तर ८० कॉइलची किंमत १,००,००० रुपयेच धरावी लागते, मग अहवाल १,०८,००० दाखवो की १,०४,०००. ही तुलना सर्वसाधारणपणे वस्तूवार करायची असते. पंख्यांवर मिळणारा फायदा दाखवून तारेवरची घट झाकता येत नाही. तीन वर्षे धूळ खात पडलेले जुन्या बनावटीचे स्विच अहवालात पूर्ण किमतीने मिरवतात, आणि दुकानात कोणालाही विचारले तर तो माल जाणार नाही हे लगेच कळते.

अहवाल वाचायचा म्हणजे बेरजेआधी ओळी वाचायच्या. एखाद्या वस्तूपुढे उणे १२ नग दिसले तर माल आधी विकला गेला आणि खरेदीचे बिल चढवायचे राहिले, असा बहुधा अर्थ असतो. त्या काळात विक्रीला लागलेला दर अंदाजाचा असतो आणि बिल चढल्यावरही तो अहवालात गोंधळ करू शकतो. नग शून्य आणि किंमत मात्र काही हजार, अशी ओळ दिसली तर एखादी नोंद केवळ रकमेची झाली असण्याचा संभव असतो. तारेची खरेदी कॉइलने आणि किरकोळ विक्री मीटरने होते. एका कॉइलचे ९० मीटर आणि १,३५० रुपयांचे मीटरला १५ रुपये हे रूपांतर वस्तूच्या मूळ नोंदीत नीट भरले नसेल, तर एका कॉइलऐवजी ९० कॉइल खर्ची पडतात आणि पुढच्या सगळ्या ओळी बिघडतात. अशा दहा-बारा ओळी शोधायला अर्धा तास पुरतो.

तारखेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ३१ मार्चचा अहवाल एप्रिलमध्ये काढला आणि तोच ऑगस्टमध्ये पुन्हा काढला तर बेरीज वेगळी येऊ शकते, कारण मधल्या काळात कोणीतरी मागच्या तारखेने बिल चढवलेले असते. कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, बंद करता न येणारी नोंद राहिली पाहिजे हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. भागीदारी पेढ्यांना आणि एकट्याच्या दुकानांना तो बंधनकारक नसला तरी ती सोय चालू ठेवण्यास कोणाची हरकत नाही. टॅलीत हिशेब आणि मालसाठा एकमेकांना न जोडण्याचाही पर्याय आहे. तो घेतला की ताळेबंदातील शिल्लक माल हाताने लिहिला जातो, आणि मग अहवाल एक आकडा सांगतो, ताळेबंद दुसरा, तर बँकेला कर्जमर्यादेसाठी दरमहा दिलेले स्टॉक स्टेटमेंट तिसराच. पाच कोटी रुपयांपेक्षा अधिक खेळत्या भांडवलाची मर्यादा चालू मत्तेच्या तारणावर मंजूर असलेल्या कंपनीच्या बाबतीत बँकेला दिलेली तिमाही विवरणे पुस्तकांशी जुळतात का, हे २०२० च्या लेखापरीक्षण आदेशाने, तो जिला लागू आहे तिच्यापुरते, लेखापरीक्षकाला सांगावे लागते. तीन आकड्यांची ही मौज त्यामुळे आता परवडणारी राहिलेली नाही. शासनाचेही लक्ष येथेच आहे: २०२३ च्या वित्त कायद्याने मालसाठ्याचे मूल्यांकन परिव्यय लेखापालाकडून करून घ्यायला लावण्याचा अधिकार प्राप्तिकर अधिकाऱ्यांना मिळाला.

नगांच्या या गोंधळावर उपाय प्रत्यक्ष मोजदादीचा आहे, पण तिच्या वाटेतही एक अडचण आहे. मोजणीत कमी भरलेला, चोरीस गेलेला किंवा नष्ट झालेला माल पुस्तकातून काढताना वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) नुसार त्यावर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते, आणि नेमक्या याच कारणाने अनेक व्यापारी तूट पुस्तकात आणण्याचे टाळतात; त्या टाळाटाळीचे ओझे मग वर्षानुवर्षे अहवालात साचत जाते.

परिषदेला आलेल्या लेखापाल, करसल्लागार आणि व्यापारी प्रतिनिधींना विनंती एवढीच आहे की येत्या ३१ मार्चला अहवालाची छापील प्रत त्याच दिवशी काढावी, तिच्यावर मूल्यांकनाची पद्धत आणि छपाईची वेळ लिहावी, मोजणाऱ्याच्या सहीची मोजदादीची यादी तिला जोडावी, आणि या दोन कागदांतील प्रत्येक फरकाचा खुलासा लेखी मिळेपर्यंत ताळेबंदावर सही करू नये.