हजेरीपटावरील दहावे नाव



नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीच्या राशींवर ज्यांचे आईबाप राबले, अशी काही मुले आज स्वतःची मिरची दळण्याची गिरणी, गॅरेज वा खानावळ चालवितात. कालच्या मजुराचा मुलगा मालक झाला, याचा मला आनंद आहे. परंतु मालक होताच त्याच्यावर एक कर्तव्य येते.

कामगारांचा आरोग्यविमा ही मालकाची मेहेरबानी नव्हे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत प्रा. आडारकर यांनी 1944 साली या विम्याची योजना सादर केली व 1948 साली कायदा झाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.

दहा माणसे कामावर असली की विमा लागू. जिनिंग, साखर, गूळ यांसारखे हंगामी कारखाने वगळले आहेत. 2017 साली ठरलेली वेतनमर्यादा दरमहा 21,000 रुपयांची; 2019 पासून मालकाचा वाटा शेकडा सव्वातीन, कामगाराचा पाऊण. म्हणजे 12,000 रुपये वेतनावर मालकाने 390 व कामगाराने 90 रुपये द्यावयाचे. आपले 390 रुपये कामगाराच्या पगारातून कापण्याचा अधिकार मालकास नाही. आणि कापलेले 90 रुपये ही त्याच्याकडील ठेव होय. ती न भरणे म्हणजे तुरुंगाला निमंत्रण.

माझ्याकडे एक गृहस्थ सल्ल्यास आले होते. हजेरीपटावर नऊ नावे, बाकीची माणसे ठेकेदाराची! "वकीलसाहेब, दहावे नाव घालतो कोण?" असे ते हसत म्हणाले. मला हसू आले नाही. ठेकेदाराची माणसेही मोजली जातात. उद्या एखाद्याचा हात यंत्रात सापडला, तर पहिल्या दिवसापासून त्याला लाभ मिळण्याचा हक्क आहे, आणि मालकाने वर्गणी बुडविली असेल तर ती रक्कम त्याच मालकाकडून वसूल होते. 390 रुपये वाचविण्याच्या नादात अनेकांची गिरणीच जाईल.

दहापेक्षा कमी माणसे असली, तरी मालक व बहुसंख्य कामगार राजी असल्यास स्वेच्छेने विम्यात येता येते. आजारपणात नियमाप्रमाणे वर्गणी भरलेल्या कामगारास वर्षातून 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या शेकडा सत्तर रक्कम मिळते. ही सोय आपल्या आईबापांच्या वाट्याला आली नव्हती.

दर महिन्याची वर्गणी पुढील महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरावयाची असते. तेव्हा आज घरी गेल्यावर हजेरीपट काढा आणि ठेकेदाराच्या माणसांसह डोकी मोजा.