प्रेम, डबा आणि मोबाइल
(वर्धापनदिनी करडी येथे केलेले भाषण)



एखाद्या चित्रपटावर दोन शब्द सांगा, असे मला कळवण्यात आले. सासवा-सुना शेजारी बसलेल्या असताना प्रेमाच्या चित्रपटावर बोलायचे म्हणजे जरा अवघडच. पण सांगते.

‘द लंचबॉक्स’ हा रितेश बत्रा यांचा २०१३ सालचा हिंदी चित्रपट. मुंबईची इला नवऱ्याचे मन वळावे म्हणून मनापासून डबा करते, आणि तो जातो भलत्याच कचेरीतल्या साजन फर्नांडिस या विधुराकडे. डबेवाल्यांची परंपरा १८९० सालापासूनची. त्यांच्या हातून डबा चुकणे म्हणजे वैनगंगेने उलटे वाहणे! मग डब्यातून चिठ्ठ्या सुरू होतात. पहिल्या चिठ्ठीत गृहस्थ लिहितो काय, तर जेवण खारट होते. मेल्याला आभार मानायचे सुचले नाही!

मला मात्र त्यातली यंत्रे लक्षात राहिली. साजन दिवंगत पत्नीने टेपवर घेऊन ठेवलेली जुनी मालिका रात्री पाहत बसतो. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे मावशींचे यजमान बेशुद्धावस्थेत पंख्याकडे टक लावून असतात. म्हणून मावशी पंखा बंद न करता, फिरताफिरताच पुसतात. या मावशी पडद्यावर दिसत नाहीत, फक्त भारती आचरेकरांचा आवाज ऐकू येतो.

हा चित्रपट मला माझ्या लेकीने दाखवला, तिच्या मोबाइलवर. तोच मोबाइल मी मागच्या पावसाळ्यात तिच्या नकळत उघडला होता. आत एका मुलाचे संदेश. ‘जेवलीस का?’, ‘बस मिळाली का?’ बहुतेक एवढेच. तरी मी तो महिनाभर पेटीत कुलूपबंद केला. मुलगी घरात होती, पण माझ्याशी एक शब्द बोलेना.

माझ्या लग्नानंतर हे नागपूरला नोकरीला होते. त्यांची पत्रे फोडून, ओसरीवर वाचून झाल्यावर माझ्या हाती येत. मग मी उत्तरात ‘इकडील सर्व क्षेम’ याहून अधिक काही लिहीतच नसे. तेव्हा आलेला राग मला चांगला आठवतो, आणि कुलूप मात्र मीच लावले होते.

मोबाइल परत दिला. मुलगा कोण, हे मी विचारलेले नाही. ती सांगेल तेव्हा सांगेल. आज हे बोलण्याची परवानगी तिच्याकडून घेऊनच आले आहे. आमच्या ह्यांना मात्र यातले काहीच ठाऊक नाही. स्मरणिका घरी पोहोचली की कळेल.