बोलून पोट भरतं का?



हिवाळ्यात वटारच्या वाटेला लागलात, तर वाड्यांपलीकडच्या मैदानातून भोंग्याचा आवाज येतो. टेनिस चेंडूच्या सामन्याचं धावतं समालोचन चाललेलं असतं. बोलणारा बहुधा कॉलेजातला मुलगा. गर्दी त्याच्यावर खूश असते. घरी मात्र वडील विचारतात, ‘‘बाबा रे, बोलून पोट भरतं का?’’

प्रश्न रास्त आहे. पुढे गेलेल्यांच्या वाटा पाहू या.

बाळ ज. पंडित महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळले होते. आकाशवाणीवरून त्यांनी क्रिकेट मराठी घराघरांत नेलं. मैदान त्यांच्या अंगात मुरलेलं होतं, म्हणून शब्द आपसूक येत.

हर्षा भोगले यांची वाट निराळी. हैदराबादच्या मराठी प्राध्यापक दांपत्याचा हा मुलगा. रसायन अभियांत्रिकी शिकले, अहमदाबादच्या आयआयएममध्ये गेले, जाहिरात कंपनीत नोकरी केली. पण हैदराबाद आकाशवाणीवर ते विद्यार्थिदशेतच बोलू लागले होते. १९९१-९२ च्या भारतीय दौऱ्यात ऑस्ट्रेलियाच्या एबीसी रेडिओनं त्यांना समालोचनासाठी बोलावलं. मोठा खेळाडू नसलेल्यालाही ही खुर्ची मिळू शकते, हे त्यांनी दाखवलं; मात्र त्यामागे दहाएक वर्षांची मेहनत होती.

२०२३ मध्ये जिओसिनेमावर आयपीएल मराठीतून ऐकू आली. तिथे बोलणारे केदार जाधव स्पर्धा चालू असतानाच बंगळूरुच्या संघात गेले. माइक ठेवून त्यांनी पुन्हा बॅट घेतली! मराठीला नवं दार उघडलं खरं, पण नामवंत खेळाडूंना तिथे आधी जागा मिळते, हेही ध्यानात ठेवायला हवं.

मग आपल्या मुलानं काय करावं? पदवी सोडू नये. समालोचकाला बहुधा सामन्यागणिक पैसे मिळतात. पावसाळ्यात मैदान बंद, तर मिळकतही बंद. कबड्डी, खो-खोचे नियमही नीट शिकावेत. भोंग्यावर बोलताना प्रेक्षकाला खेळ दिसत असतो. रेडिओच्या श्रोत्याला काहीच दिसत नाही. चेंडू कुठे गेला, कोण धावलं, धावा किती झाल्या, हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं. नुकताच रेडिओ लावलेलाही कुणी असतो. आम्हा कवींना एका शब्दासाठी अख्खी रात्र मिळते. समालोचकाला चेंडू सीमेपार जाईपर्यंतचाच वेळ.

आणखी एक. वसईच्या या पट्ट्यातली मुलं सामवेदी, वाडवळी बोलीत वाढतात आणि माइकसमोर आपल्या बोलीला लाजतात. प्रमाण मराठी जरूर कमवावी, पण घरची बोली टाकू नये. ऐन रंगात आलेल्या खेळाला नेमका शब्द पुष्कळदा तीच पुरवते.

वडिलांना एवढंच सांगेन: मुलाचं कॉलेज चालू राहील याकडे लक्ष ठेवा, आणि एखाद्या रविवारी मैदानावर जाऊन, खेळाकडे पाठ करून, नुसतं त्याचं बोलणं ऐका. सामना डोळ्यांपुढे उभा राहिला, तर त्याला अडवू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)