घराजवळची शाळा की दूरची?

(पालक-सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)





मोहल्ल्यातील प्राथमिक शाळा यथातथाच चालत असेल तर मूल तिथे घालावे, की ठाण्या-कल्याणच्या नावाजलेल्या शाळेत पाठवावे, हा विषय मला दिला आहे. उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. मी दोन्ही केले आहे, आणि ज्या रीतीने केले ते सांगताना आज शरम वाटते.

१९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून जी कुटुंबे मुंब्र्याला आली त्यांत आमचेही होते. वस्ती वाढली त्या गतीने शाळा वाढल्या नाहीत. घरापासून पाच मिनिटांवरच्या शाळेत एका खोलीत दोन वर्ग बसत. मी थोरल्या मुलाला तिथून काढून ठाण्याच्या इंग्रजी शाळेत घातले. मुंब्रा, कळवा, ठाणे. अंतर ते काय! सकाळी नोकरीवर जाताना मी त्याला सोडी, दुपारी आणायला त्याची आई गाडीने जाई. फी किती, पास किती, याचा हिशेब मी वहीत लिहीत असे. तिच्या वेळेचा रकाना त्या वहीत नव्हता. पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या की मायलेक ठाण्याच्या फलाटावर बसून राहत.

धाकटी मुलगी जवळच्याच शाळेत राहिली. मुलीची जात, लांब कशाला पाठवायची, असे मी लोकांना सांगे. खरे म्हणजे दुसरी फी परवडत नव्हती, आणि फी कोणावर खर्च करायची हे मी क्षणभरही विचार न करता ठरवले होते. चौथीत असताना तिने विचारले, "अब्बा, शाळा वाईट म्हणून भाईला काढलंत ना? मग मला का ठेवलंत?" मी काही बोललो नाही. तिच्या नशिबाने तिसरीला तिला चांगल्या बाई मिळाल्या होत्या, आणि गल्लीभर मैत्रिणी होत्या. भाईला घराजवळ एकही दोस्त नव्हता.

आता कायद्याचे पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे महाराष्ट्राचे नियम सांगतात. त्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टपासून नव्वदपर्यंत तीन, असे प्रमाण आहे. म्हणजे पट बासष्ट असताना दोन घरांनी मुले काढली की तिसरे पद धोक्यात येते. मग पाच इयत्ता दोघांनी सांभाळायच्या. ते पाहून आणखी चार घरे मुले काढतात. आणि निघून जातात ती घरे बहुधा अर्ज लिहू शकणारी, मुख्याध्यापकांना जाब विचारू शकणारी असतात. मागे राहिलेल्यांचे कोण ऐकतो?

तरीही शाळा वाचवण्यासाठी पालकाने आपल्या मुलाचे नुकसान करावे, असे मी म्हणणार नाही. मूल पहिलीत एकदाच जाते. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खासगी शाळेला २५ टक्के राखीव जागांतून सूट देणारा नियम राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द केला. गरीब घराला निवड उरली, हे बरेच झाले.

पण निवड पाहून करा. अर्धी सकाळ काढून जवळच्या शाळेत जा. तिसरीच्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातले एक पान वाचायला सांगा. मुलींच्या संडासात पाणी आहे का, हजेरीपटावर किती शिक्षक आणि प्रत्यक्ष वर्गात किती, ते पाहा. दूरच्या शाळेलाही हीच कसोटी लावा. तिथे आपण फाटकावरची पाटी वाचूनच पैसे भरतो! गळते छप्पर, अपुरे शिक्षक यांचा पाठपुरावा करता येतो. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदाच सांगतो. मात्र शिक्षक हजर असून शिकवत नसतील किंवा मुलाला मारहाण होत असेल, तर वाट पाहू नका.

लहान मुलाला लोकलने धाडण्याच्या मी ठाम विरुद्ध आहे. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर खच्चून भरलेल्या गाड्यांतून माणसे पडून मेली. ती मोठी, धडधाकट माणसे होती.

माझी नात येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. तिच्या आईने, म्हणजे माझ्या त्याच मुलीने, आधी जवळची शाळा पाहायचे ठरवले आहे आणि मला सोबत चला म्हणाली आहे. सोमवारी सकाळी आम्ही जाणार आहोत. ज्या भगिनींना यायचे असेल त्यांनी सभेनंतर तिच्याकडे नाव द्यावे. ती मागच्या रांगेत बसली आहे.