पडद्यावरचं जंगल आणि आपला हरिहर

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



दोन महिन्यांपूर्वी आपल्या ग्रुपवर एका मैत्रिणीनं विचारलं होतं, "लेक कॉलेजच्या मुलांबरोबर हरिहरला चाललाय. बेअर ग्रिल्सचं पुस्तक आणून देऊ का? खरंच उपयोग होतो का त्याचा?" चाळीसएक उत्तरं आली, त्यातली निम्मी नुसती हसऱ्या चेहऱ्यांची. मग संयोजकांनी फर्मान काढलं, "डॉक्टर, तुम्ही आदिवासी पट्ट्यात काम करता, तुम्हीच बोला." म्हणून उभा आहे. दहा मिनिटं सहन करा, जेवण तयार आहे असं कळलंय.

आधी चांगलं सांगतो. या कार्यक्रमांनी मुलांना सोफ्यावरून उठवलं, हे मान्य करायला हवं. मिलिंद गुणाजींची 'भटकंती' टीव्हीवर लागायची, तेव्हा ज्या घरांत किल्ला फक्त चौथीच्या इतिहासात होता, त्या घरांतली माणसं पाठीवर पिशवी टाकून निघाली. बेअर ग्रिल्सनं पुढच्या पिढीला तेच केलं. हा माणूस बनावट नाही. तो ब्रिटिश सैन्याच्या एसएएस या विशेष दलाच्या राखीव तुकडीत होता आणि २००९ मध्ये ब्रिटनच्या स्काउट चळवळीचा चीफ स्काउट झाला. म्हणजे शनिवारी सकाळी मैदानावर सर आपल्याकडून ज्या गाठी बांधून घ्यायचे, त्याच परंपरेतला. घाबरून हातपाय गाळू नका, आहे त्यात मार्ग काढा, हे तो सांगतो ते खरंच आहे.

प्रश्न आहे तो पडद्यावर काय दिसत नाही याचा. १२ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधानांबरोबरचा त्याचा भाग दाखवला गेला. चित्रीकरण जिम कॉर्बेटच्या जंगलातलं. पंतप्रधान हिंदीत बोलतात आणि याला सगळं समजतं, हे कसं, असा प्रश्न लोकांना पडला. पुढे पंतप्रधानांनीच 'मन की बात'मध्ये सांगितलं की ग्रिल्सच्या कानात एक छोटं यंत्र होतं आणि त्यातून त्याला लगेच इंग्रजी भाषांतर ऐकू येत होतं. यात फसवणूक काही नाही. पण लक्षात काय घ्यायचं? जंगलात दोघंच दिसत होते, आणि दिसत नव्हती ती माणसं कितीतरी होती. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये यावरून वादही झाला. उघड्यावर रात्र काढतोय असं दाखवलेल्या काही वेळी ग्रिल्स हॉटेलात मुक्कामाला होता, हे बाहेर आलं. त्यानंतर काही प्रसंग मदतीनं घडवून आणलेले असतात, अशी सूचना कार्यक्रमात येऊ लागली. ती पाटी वाचणारी मुलं किती असतील, ते तुम्हीच सांगा.

आता माझ्या दवाखान्यातलं सांगतो. काही पावसाळ्यांपूर्वी एका मुलाला त्याचे मित्र घेऊन आले. शिकलेली, शहरातली पोरं. पायाला घोणस चावली होती. मित्रांनी मांडीला बुटाची नाडी करकचून बांधली होती, चावल्या जागी ब्लेडनं चीर दिली होती आणि एकानं तोंडानं रक्त ओढून थुंकलं होतं. "कुठं शिकलात?" तर म्हणाले, "टीव्हीवर बघितलंय." घोणशीच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. त्यामुळे ती एवढीशी चीर तासभर वाहत होती. नाडी सोडली तेव्हा पाय काळानिळा पडला होता. मुलगा वाचला, पाय वाचवायला मात्र पुढे मोठ्या रुग्णालयात तीन आठवडे लागले. मी त्या मित्रांना रागावलो नाही. त्यांनी जिवाच्या आकांतानं जे येत होतं ते केलं. त्यांना चुकीचं येत होतं, एवढंच.

साप चावला तर करायचं काम अगदी नीरस आहे. माणसाला धीर द्यायचा, चालू द्यायचं नाही. हाड मोडल्यावर फळी बांधतो तशी हलकी फळी बांधून तो हात किंवा पाय स्थिर ठेवायचा. अंगठी, जोडवी, घड्याळ काढायचं. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळायचं नाही, साप शोधत बसायचं नाही. थेट प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं आणि ते सरकारी रुग्णालयात मिळतं. मण्यार तर रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत फारसं नाही, सूज नाही, आणि पहाटे पापण्या जड होऊ लागतात. यात कॅमेऱ्याला दाखवण्यासारखं काहीच नाही. म्हणून ते कोणी दाखवत नाही.

दुसरी अडचण मुलखाची. परदेशी वाळवंटातल्या झाडापासून पाणी मिळवायची युक्ती आपल्या बांधावरच्या निवडुंगावर चालवाल तर पांढरा चीक हाती येईल. तो डोळ्यांत गेला तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे धावावं लागेल. लघवी पिण्याचा तो गाजलेला प्रकारही तसाच. शरीरानं बाहेर टाकलेले क्षार पुन्हा आत घेतल्यानं तहान भागत नाही. आपल्याकडच्या उन्हाळी ट्रेकला उपाय एकच, माणशी चार लिटर पाणी आणि दुपारच्या आत खाली.

इथं हरिहरची एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथल्या एका कड्याला स्कॉटिश कडा म्हणतात. स्कॉटलंडशी त्याचा संबंध नाही. डग स्कॉट हा इंग्रज गिर्यारोहक १९८६ मध्ये तो कडा चढला, म्हणून ते नाव. हाच स्कॉट १९७५ मध्ये एव्हरेस्टवर पोचला होता. आणि १९७७ मध्ये काराकोरममधल्या 'ओगर' या सात हजार मीटरहून उंच शिखरावरून उतरताना त्याचे दोन्ही पाय मोडले. तो गुडघ्यांवर रांगत खाली आला. खरं जगणं-वाचणं म्हणतात ते हे. पण तो एकटा नव्हता. ख्रिस बॉनिंग्टन, मो अँथनी आणि क्लाइव्ह रोलंड हे तिघं बरोबर होते. त्यांनी वादळात वाट काढली, दोर लावले. उतरता उतरता बॉनिंग्टनच्या बरगड्या मोडल्या, तरी चौघंही जिवंत खाली आले. पडद्यावर एकटा माणूस निसर्गाशी झुंजतो. खऱ्या डोंगरात माणूस वाचतो तो दोराचं दुसरं टोक धरणाऱ्यामुळे.

आपल्याकडे अशी माणसं आहेत. वैनतेयसारख्या नाशिकच्या संस्था आहेत. पायथ्याच्या पाड्यावरचा वाटाड्या आहे. कुठल्या कपारीत आग्यामोहोळ आहे, कोणत्या टाक्याचं पाणी पिण्याजोगं आहे, हे त्याला ठाऊक असतं. शहाणपण आपल्या गावातही आहे. गोदेला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं हे बघून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. हे ज्ञान कोणा ताऱ्याच्या पुस्तकात मिळायचं नाही, कारण ते या एका घाटाचंच आहे.

तेव्हा मैत्रिणीला माझं उत्तर असं. पुस्तक जरूर दे, मजेत वाचू दे. पण त्याबरोबर चार गोष्टी दे: पाणी, शिटी, टॉर्च आणि परत यायची वेळ लिहिलेला कागद, जो घरी राहील. गर्दी दिसली किंवा पाऊस आला तर पायऱ्यांवरून मागे फिरायला लाज वाटू देऊ नको, हेही सांग. ११२ आणि १०८ हे आकडे पाठ करून घे. आणि कार्यक्रम बघताना त्याला एकच प्रश्न विचारायला शिकव: कॅमेरा कोणी धरलाय?

शेवटी गुरुजनांना एक विनंती. आपली शाळा दरवर्षी आठवी-नववीच्या मुलांसाठी एक शनिवार देईल का? सर्पदंश, बुडणं, शॉक लागणं, भाजणं, छाती दाबून हृदय चालू ठेवणं, एवढंच शिकवायचं, पण हातानं करून घ्यायचं. आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, वीज मंडळातले आहेत, नदीत पोहणारे तर ढीगभर आहेत. त्रिकोणी पट्ट्या मी आणतो. मुख्याध्यापकांनी होकार दिला, तर जूनमधला पहिला शनिवार माझा.