धुकं, ढगाळ हवा आणि येऊ घातलेला पाऊस

(आकाशवाणीवरून दिलेलं भाषण)



मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत पहाटे रानाकडं निघालं, की कृष्णाकाठी हाताच्या अंतरावरचा माणूस दिसत नाही. कऱ्हाड, वाळवा, पलूस, मिरज या भागात नदी आहे, पाटाचं पाणी आहे, उसाची दाट रानं आहेत. त्यामुळं हवेत ओल असते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की रात्री जमीन झपाट्यानं थंड होते, तिच्या लगतची ओली हवा गार होते आणि धुकं धरतं. म्हणजे धुकं पडलं की पाऊस येणारच, असं नाही. उलट आभाळ स्वच्छ असल्याची ती खूण असते.

मग पाऊस ओळखावा कसा? दोन-तीन दिवस नीट लक्ष ठेवा. पहाटेचा गारठा एकाएकी कमी झाला, दव पडायचं थांबलं, उत्तरेचा कोरडा वारा फिरून पूर्वेचा किंवा दक्षिणेचा दमट वारा सुटला आणि पातळ ढग दाट होत गेले, तर सावध व्हावं. अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला, की आपल्याकडं हिवाळ्यातही पाऊस येतो.

अशा वेळी रेडिओवरचा अंदाज नीट ऐका. त्यातल्या शब्दांना ठरलेला अर्थ असतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे शंभरातल्या पंचवीसपर्यंत ठिकाणी पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नासपर्यंत. ‘हलका पाऊस’ म्हणजे दिवसाला साधारण १५ मिलिमीटरपर्यंत. त्यापुढं ६४ मिलिमीटरपर्यंत ‘मध्यम’. तेव्हा ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ ऐकून शाळूवाल्यानं घाबरायचं कारण नाही. पण द्राक्षवाल्यानं मात्र तेवढ्यावरही उठावं. पाऊस एकच, पण पिकागणिक त्याचा अर्थ निराळा.

२०२१ सालच्या १ आणि २ डिसेंबरची आठवण अजून ताजी आहे. अरबी समुद्रातल्या कमी दाबामुळं आपल्याकडं ऐन थंडीत पाऊस झाला. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात बागा फुलोऱ्यात, कुठं मणी धरलेल्या होत्या. आदल्या दिवशी एका बागायतदारानं मला विचारलं, “साहेब, आज फवारू का उद्या?” ढग विरळ दिसत होते. मी म्हटलं, “उद्या सकाळी उरका.” पाऊस रात्रीच आला. सकाळी बागेत ट्रॅक्टर शिरेना. आठवड्याभरात पानामागं डाऊनीची पांढरी बुरशी आणि घडांची कूज. छाटणीपासूनचा औषधांचा खर्च, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या घडांवर होतं. त्या माउलीनं मला बोल लावला नाही, पण तेव्हापासून मी ‘उद्या’ हा शब्द जपून वापरतो.

त्यातून शिकलेलं सांगतो.

द्राक्षबागेत डाऊनीला रात्रभराची ओल पुरते. म्हणून पावसाचा अंदाज असेल, तर शिफारस केलेलं स्पर्शजन्य औषध पावसाच्या आधीच पानावर आणि घडावर बसलेलं हवं. पण धुक्यात, पानं ओली असताना फवारू नका. औषध थेंबाबरोबर ओघळून जातं. ऊन वर येऊन पानं सुकली, की सुरुवात करावी. दाट फुटी काढून वारा खेळता ठेवा. पाऊस उघडल्यावर ब्लोअरनं नुसती हवा मारून किंवा तारा हलवून घडातलं पाणी झाडा. नत्राचा हात आखडता घ्या. औषध आणि काढणी यांतलं अंतर मात्र मोडू नका, नाहीतर माल वाचतो आणि बाजार जातो. पाऊस न पडता नुसतीच ढगाळ हवा राहिली, तर भुरीकडं लक्ष द्या.

बेदाणा शेडवर असेल, तर बाजूचे पडदे आधीच बांधून घ्या. भिजलेला बेदाणा काळपट पडतो, मग भाव कसला? हळद शिजवून वाळत घातली असेल, तर रात्री ढीग करून ताडपत्री टाका.

माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या मंडळींना हलका पाऊस म्हणजे कोरडवाहू शाळूला फुकटचं पाणी. कणीस पक्व झालं असेल, तर मात्र काढणी लांबवू नका. दाणा काळा पडतो. हरभऱ्यावर ढगाळ हवेत घाटेअळीची पाहणी करा. कांद्याला करपा आणि गव्हाला तांबेरा याच हवेत वाढतो. पाऊस येणार असेल, तर पाण्याची पाळी दोन-चार दिवस पुढं ढकला. महाबळेश्वर-पाचगणीकडं स्ट्रॉबेरीची पिकलेली फळं तोडून घ्या आणि सडलेली फळं वाफ्यात न टाकता बाहेर नेऊन पुरा.

जनावरांचं विसरू नका. त्याच २०२१ च्या पावसात पुणे जिल्ह्यात शेकडो मेंढ्या उघड्यावर गारठून दगावल्या. पाऊस आणि वारा एकदम आला, की लोकर भिजते आणि जीव टिकत नाही. मेंढपाळांनी वाडा आडोशाला हलवावा. वासरांखाली कोरडं पाचट टाका.

शेवटची गोष्ट पिकाची नाही, माणसाची आहे. हे ऊसतोडीचे दिवस. पहाटेच्या धुक्यात कारखान्याकडं निघालेली ट्रॉली किंवा बैलगाडी मागून येणाऱ्याला दिसत नाही. मागं लाल रिफ्लेक्टर लावा. नसेल तर चमकणारी पट्टी चिकटवा. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यात सोडून जाऊ नका. धुकं फार असेल, तर ते विरेपर्यंत थांबा. खेप तासभर उशिरा पोचली तर चालेल.

आणि मंडळी, अंदाज हा अंदाजच असतो, तो कधी चुकतोही. पण अंदाज खोटा ठरला, तर एक फवारणी वाया जाते. खरा ठरला आणि आपण गाफील राहिलो, तर वर्ष जातं. यातलं काय परवडेल, याचा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो. शंका असेल, तर गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला बांधावर बोलवा, पान दाखवा, मगच औषध आणा.