पातं कुठलं, मूठ कुठली?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



माझ्या तलवारींच्या छंदाबद्दल बोलायला सांगितलंय. आपण कोल्हापूरकर, त्यामुळे “घरात जुनी तलवार आहे, जरा बघून सांग” म्हणणारे इथं चार-पाच तरी असणारच. ती कशी बघायची, तेवढंच सांगतो.

पातं आणि मूठ वेगवेगळी बघायची. दोन्ही एकाच गावची, एकाच काळातली असतील असं धरून चालायचं नाही. सतराव्या शतकात युरोपातली सरळ पाती समुद्रमार्गे दख्खनेत यायची आणि इथले कारागीर त्यांना आपली मूठ बसवायचे. फिरंग हे नाव त्यावरूनच आलं. आपल्याच गावचं उदाहरण घ्या. चौथे शिवाजी महाराज गादीवर असताना, 1875-76 च्या दौऱ्यात, कोल्हापूर दरबाराकडून प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली ‘जगदंब’ तलवार आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिची मूठ इथली, पण पातं युरोपीय. त्यावर ‘आयएचएस’ ही येशूच्या नावाची अक्षरं ठसवलेली आहेत.

झोलिंगेनच्या पात्यावर धावता लांडगा दिसतो, जिनोव्हाच्या पात्यावर दातेरी विळ्यासारख्या दोन कोरी. पण नुसत्या ठशावर विसंबू नका. नावाजलेल्या मालाची नक्कल तेव्हाही व्हायची. आपल्याकडचे लोहार या कोरी ठसवायचे, तसे सुदानमधले लोहारही त्यांच्या कास्कारा तलवारींवर युरोपीय ठशांची नक्कल करायचे. त्यामुळे पात्याची जाडी, त्यावरच्या पन्हळी आणि मुठीशी असलेला जोड, सगळं मिळून बघायचं. आपल्याकडच्या बऱ्याच मुठींत पात्याचा शेपटा राळेनं बसवलेला असतो. ती तापवली की सुटते. म्हणजे जुन्या पात्याला नवी मूठ बसवणं अवघड नव्हतं.

आता कळकळीनं सांगतो. खंडेनवमी आली की आपण तलवार पॉलिश पेपरनं घासतो, कुणी ग्राइंडर लावतो, कुणी निकेल चढवून आणतो. तलवार चकचकीत होते. पण ठसा, पोलादातलं जौहर, मुठीवरचं सोन्याचं बारीक काम, जे वाचून ती ओळखायची तेच पुसलं जातं. पूजा जरूर करा. मऊ कापडानं पुसा, तेलाचा पातळ हात द्या, आणि ओल धरणाऱ्या म्यानात ती कायमची ठेवू नका.

दुसरं म्हणजे, घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा: ही कुठल्या गावाहून आली, कुणाच्या चाकरीत मिळाली, वाटणीत कुणाकडून आली? ते कागदावर लिहून तलवारीजवळ ठेवा. ऐकीव आहे ते ‘ऐकीव’ म्हणूनच लिहा. प्रत्येक तलवार थोरल्या महाराजांच्या हातातली असायची गरज नाही. तुमच्या पणजोबांची असली तरी ती तेवढीच मोलाची. हा कागद नसला की पुढची पिढी ती भंगारात तरी घालते, नाहीतर शोभेची म्हणून विकते. आणि परदेशातल्या मुलांना द्यायचा विचार असेल, तर शंभर वर्षांहून जुनी तलवार 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही.

संध्याकाळपर्यंत मी इथंच आहे. फोटो काढून आणलेत तर चार लागतील: अख्खी तलवार, मुठीच्या दोन्ही बाजू, आणि मुठीजवळचं वीतभर पातं. घासण्याआधीचे.